संशोधन आणि शिक्षणासाठी सामायिक क्वांटम जाळे: महाराष्ट्रात सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: अध्यापक_नाशिक

नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला पदार्थविज्ञान शिकवतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, तेव्हापासून विद्यार्थ्यांचे या विषयाबद्दलचे प्रश्न पुष्कळ वाढले आहेत. २०२४ च्या अखेरीस अभियांत्रिकी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी क्वांटम तंत्रज्ञानाचा 'मायनर' अभ्यासक्रमही जाहीर झाला. मिशनच्या उद्दिष्टांत उपग्रहाच्या साहाय्याने दोन हजार किलोमीटर अंतरावरील भूस्थानकांमध्ये सुरक्षित संपर्क, शहराशहरांमध्ये दोन हजार किलोमीटरपर्यंत क्वांटम किल्लीवाटप, म्हणजे क्यूकेडी (गुप्तलेखनाची किल्ली एकल फोटॉनांद्वारे, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाद्वारे, पोहोचवणे), आणि क्वांटम मेमरी (क्वांटम अवस्था काही काळ साठवणारे साधन) असलेले अनेक नोडांचे (जोडणीच्या ठिकाणांचे) जाळे यांचा समावेश आहे. चार विषयकेंद्रेही ठरली आहेत: संगणन बंगळूरच्या आयआयएससीकडे, दळणवळण आयआयटी मद्रासकडे, संवेदन व मापन आयआयटी मुंबईकडे आणि पदार्थ व साधने आयआयटी दिल्लीकडे.

या विषयावरील बहुतेक लेखन संरक्षण, बँका आणि गोपनीयता यांभोवती फिरते. मला विचारायचे आहे ते वेगळ्या हेतूच्या जाळ्याविषयी. जाळे हेच ज्याचे संशोधनाचे साहित्य आहे, ज्यावर एका संस्थेचा स्रोत, दुसरीचा डिटेक्टर आणि तिसरीची मेमरी एकत्र जोडून प्रयोग करता येतील, आणि ज्यातील मोजमापे विद्यार्थ्यांच्याही हाती पडतील, असे सामायिक जाळे उभारायचे झाले तर ते प्रत्यक्षात कसे असेल? देशातील विद्यापीठे आणि संशोधन संस्थांना जोडणारे नॅशनल नॉलेज नेटवर्क, म्हणजे एनकेएन, आपल्याकडे आधीच आहे. त्याच्याच तंतूंतून एकल फोटॉन पाठवता येतील का? पुणे आणि मुंबई येथे संस्थांची दाटी आहे, मग ही दोन शहरे जोडणे ही पहिली पायरी ठरेल का? आणि ज्या महाविद्यालयाच्या दाराशी असा तंतू येण्याची शक्यता नाही, त्याला या उद्योगात खरोखरीचे स्थान असू शकते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर: समुद्रसपाटी

आपण हेतू वेगळा केलात हे फार महत्त्वाचे आहे, कारण त्यावरच जाळ्याची संपूर्ण रचना अवलंबून असते. मी नेदरलँड्समध्ये प्रकाशीय साधनांवर काम करतो, त्यामुळे येथील उदाहरण पुढे देईन; त्याआधी अंतराचा हिशेब मांडतो, कारण या विषयातील जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यातून निघतो.

चांगल्या प्रतीच्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबेल असतो (दर दहा डेसिबेलला प्रकाश एकदशांश उरतो). म्हणजे १०० किलोमीटरनंतर शंभरातील एक फोटॉन उरतो. ५०० किलोमीटरला हा ऱ्हास १०० डेसिबेल होतो, आणि सेकंदाला शंभर कोटी फोटॉन सोडणारा स्रोत घेतला तरी पलीकडे दर दहा सेकंदांना सरासरी एक पोहोचतो. तोच स्रोत आणि १,००० किलोमीटरचा तंतू घेतल्यास एका फोटॉनसाठी तीन हजारांहून अधिक वर्षे थांबावे लागेल. नेहमीच्या दूरसंचारात वाटेत प्रवर्धक बसवून ही अडचण सोडवतात. एकल फोटॉनच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची तंतोतंत प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले आहे.

यातून आजवर तीन वाटा निघाल्या. पहिली ट्रस्टेड नोडांची. चीनमधील बीजिंग ते शांघाय हा दोन हजार किलोमीटरचा मार्ग २०१७ मध्ये सुरू झाला, त्यात अशी ३२ मधली स्थानके आहेत. प्रत्येक स्थानकात किल्ली साध्या संगणकीय रूपात उलगडते आणि पुढच्या टप्प्यासाठी नव्याने पाठवली जाते, म्हणून स्थानक सांभाळणाऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवावा लागतो. दुसरी वाट उपग्रहाची. १६ ऑगस्ट २०१६ रोजी सोडलेल्या मिशियस उपग्रहाने पुढच्या वर्षी चीनमधील दोन भूस्थानकांमध्ये बाराशे किलोमीटरवर एंटँगल्ड (एकमेकांपासून दूर असूनही एकाच सामायिक क्वांटम अवस्थेत गुंतलेल्या) फोटॉनच्या जोड्या पोहोचवल्या, आणि निर्वात अवकाशातून ऱ्हास किती कमी होतो ते प्रत्यक्ष दाखवले. त्या प्रयोगात सेकंदाला साधारण एक जोडी टिपली जात होती आणि तोही रात्रीच्या वेळी, उपग्रह डोक्यावरून जात असताना.

तिसरी वाट क्वांटम रिपीटरची. तिची मांडणी १९९८ मध्ये ब्रीगेल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी केली. लांब अंतराचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांवरील मेमरींमध्ये एंटँगलमेंट निर्माण करून ते साठवून ठेवायचे, आणि शेजारचे दोन तुकडे तयार झाले की मधल्या नोडवर संयुक्त मापन करून टोकाच्या मेमरी परस्परांशी एंटँगल करायच्या. या पद्धतीत मधल्या नोडला कोणतीही गुप्त माहिती कळत नाही आणि अवस्था कोठेही साध्या बिटांत उतरत नाही. संशोधनासाठी जाळे हवे असेल तर माझ्या मते हेच ध्येय ठेवले पाहिजे, कारण दूर अंतरावरील क्वांटम संगणक जोडणे किंवा दूरदूरच्या घड्याळांची एंटँगल्ड तुलना करणे हे ट्रस्टेड नोडांच्या साखळीवर होऊच शकत नाही. तेथे टोकाला पोहोचते ती फक्त किल्ली.

ही वाट आज किती पुढे आली आहे, ते प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. डेल्फ्टच्या क्यूटेक संस्थेने २०२१ मध्ये हिऱ्यातील दोषकेंद्रांवर आधारलेले तीन नोडांचे जाळे प्रयोगशाळेत दाखवले. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी डेल्फ्ट आणि द हेग या शहरांतील दोन नोड जमिनीखालील प्रत्यक्ष वापरातील तंतुमार्गाने जोडल्याचे प्रसिद्ध केले. सरळ रेषेत ही शहरे सुमारे दहा किलोमीटरवर आहेत आणि मधला तंतू २५ किलोमीटरचा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात हार्वर्डच्या गटाने बोस्टन परिसरातून फिरवून आणलेल्या ३५ किलोमीटरच्या तंतूवर दोन मेमरी एंटँगल केल्या, आणि चीनमधील हफेई शहरात तीन मेमरींचे महानगरी जाळे दाखवले गेले. म्हणजे मेमरी असलेल्या जाळ्याची आजची सिद्ध कक्षा वीस-तीस किलोमीटरांच्या घरात आहे. या पार्श्वभूमीवर 'दूर पल्ल्याचे जाळे' हे पहिल्या टप्प्याचे ध्येय म्हणून जाहीर केले तर ते ट्रस्टेड नोडांतच संपेल, अशी मला भीती वाटते.

डेल्फ्टच्या कामात मला सर्वांत शिकण्यासारखी वाटली ती मधली जागा. दोन शहरांच्या मध्ये एक लहानसे स्थानक आहे. दोन्हीकडून येणारे फोटॉन तेथे एकमेकांत मिसळतात आणि तेथील डिटेक्टर टिकटिकला की टोकाचे दोन नोड एंटँगल झाल्याची वर्दी मिळते. हिऱ्यातून निघणारा प्रकाश ६३७ नॅनोमीटरचा, तो तंतूत फार लवकर संपतो, म्हणून आधी त्याची तरंगलांबी दूरसंचार पट्ट्यात बदलावी लागते, आणि ती बदलताना आवाज (नॉइज, म्हणजे नको असलेला प्रकाश) वाढू न देणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. नोड बनवणारे, तरंगलांबी बदलणारे, टप्पे (फेज, म्हणजे प्रकाशलहरींच्या चढउतारांची स्थिती) स्थिर राखणारे, नियंत्रणाची प्रणाली लिहिणारे आणि तंतू पुरवणारे हे सगळे वेगळे लोक असतात. म्हणून सामायिक जाळे ही या विषयात मुळातलीच गरज आहे. एका विभागाच्या बळावर हे काम पुढे जात नाही.

उत्तर: तंतुमार्ग

एनकेएनबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर देतो. माझी सारी नोकरी दूरसंचार केबलच्या उभारणीत आणि देखभालीत गेली, त्यामुळे क्वांटमची बाजू मला नव्याने शिकावी लागते आहे, पण तंतूची बाजू मी जवळून पाहिलेली आहे.

एनकेएनला मार्च २०१० मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याने देशातील शिक्षण-संशोधनाचे चित्र बदलले, यात शंका नाही. परंतु त्याच्या कण्यातील वाहतूक मुख्यत्वे बीएसएनएल, पॉवरग्रिड आणि रेलटेल यांच्यासारख्या सार्वजनिक कंपन्यांकडून घेतलेल्या बँडविड्थवर चालते. संस्थेच्या हाती येते ती ठरावीक वेगाची जोडणी. मधला काचेचा तंतू संस्थेचा नसतो. त्या तंतूवर साधारण ८० किलोमीटरमागे प्रवर्धक असतात, वाटेत सिग्नल विद्युत रूपात उतरवून पुन्हा पाठवला जातो, आणि यांतील प्रत्येक ठिकाणी एकल फोटॉनचा प्रवास संपतो. म्हणून एनकेएनचा उपयोग नियंत्रणाचे संदेश, मोजमापांची देवाणघेवाण आणि किल्ली वापरण्याच्या पुढच्या पायऱ्या यांसाठी होईल. फोटॉनसाठी मात्र टोकापासून टोकापर्यंत अखंड, प्रवर्धक नसलेला डार्क फायबरच (दुसरी वाहतूक नसलेला मोकळा तंतू) लागेल, आणि त्याचा करार वेगळा करावा लागेल. अशा प्रस्तावांत यंत्रांची यादी तपशिलाने लिहिलेली असते आणि 'तंतू भाड्याने घेण्यात येईल' असे एकाच ओळीत उरकलेले असते. खरी दोन वर्षे त्या एका ओळीत जातात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

चालू वाहतुकीच्याच तंतूत क्वांटम सिग्नल घालणे अगदीच अशक्य आहे असे नाही. एक मिलिवॅटचा साधा सिग्नल म्हणजे सेकंदाला आठावर पंधरा शून्ये इतके फोटॉन, आणि रामन विकिरणामुळे त्यांतील थोडे आपली तरंगलांबी बदलून क्वांटम सिग्नलच्या पट्ट्यात शिरतात. हा परिणाम चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधला तोच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रेम कुमार यांच्या गटाने यावर सुंदर तोड काढली. सेकंदाला ४०० गिगाबिटची वाहतूक नेहमीच्या १५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ठेवून क्वांटम सिग्नल १२९० नॅनोमीटरजवळ नेला आणि ३०.२ किलोमीटर तंतूवर टेलिपोर्टेशन करून दाखवले. महानगरांत, जेथे मोकळे तंतू मिळणे कठीण असते, तेथे हा मार्ग उपयोगी ठरेल. मात्र १३०० नॅनोमीटरच्या आसपास ऱ्हास किलोमीटरमागे ०.३ डेसिबेलच्या वर जातो, त्यामुळे लांबच्या टप्प्याला तो चालणार नाही.

आता पुणे-मुंबई. रस्त्याने हे अंतर दीडशे किलोमीटर, केबल मार्गाने त्याहून थोडे अधिक धरावे. ०.२ डेसिबेल हा आकडा तंतूच्या माहितीपत्रकातला असतो. जमिनीतल्या मार्गात दर दोन ते चार किलोमीटरला स्प्लाइस (दोन तंतूंचा सांधा) असतो, प्रत्येक स्थानकात कनेक्टर असतात, आणि रस्ता रुंदीकरणात केबल तुटून जोडली गेली की प्रत्येक वेळी दोन नवे स्प्लाइस वाढतात. नेहमीच्या वाहतुकीला तीन डेसिबेल जादा गेल्याचा काही फरक पडत नाही. येथे मात्र निम्मे फोटॉन जातात, आणि दोन्ही बाजूंचे फोटॉन एकाच वेळी पोहोचण्यावर प्रयोग अवलंबून असेल व दोन्ही मार्गांची अशीच स्थिती असेल, तर एक चतुर्थांशच घटना हाती राहतात. म्हणून करारापूर्वी प्रत्येक तंतूची ओटीडीआर चाचणी (तंतूत प्रकाशाचे स्पंद सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून ऱ्हास कोठे आहे ते मोजणारी) दोन्ही टोकांकडून करून घ्यावी, आणि कोणत्या किलोमीटरवर किती ऱ्हास आहे याची नोंद सर्व भागीदारांना खुली ठेवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे केबल जमिनीखालून आहे की खांबांवरून. खांबांवरच्या केबलमध्ये वाऱ्याने प्रकाशाचे ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा) सतत आणि वेगाने बदलत राहते, त्यामुळे ध्रुवणात माहिती भरणाऱ्या प्रयोगांना फार चपळ दुरुस्ती करणारी यंत्रणा लागते. जमिनीखालच्या केबलमध्ये हे बदल बरेच संथ असतात. मार्ग निवडताना लांबीइतकाच हा तपशील मोलाचा आहे.

उत्तर: गुप्तलेखन

समुद्रसपाटी यांच्या एका विधानाशी मी सहमत नाही. ट्रस्टेड नोडांच्या जाळ्याकडे संशोधनाच्या दृष्टीने दुय्यम म्हणून पाहू नये. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये डीआरडीओने हैदराबादमधील दोन प्रयोगशाळांत बारा किलोमीटरवर किल्लीवाटप केले, फेब्रुवारी २०२२ मध्ये आयआयटी दिल्ली आणि डीआरडीओ यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरहून लांब मार्गावर ते दाखवले, आणि तेही दूरसंचार कंपन्या वापरतात त्याच प्रतीच्या तंतूवर. ही प्रगती याच वाटेवर झालेली आहे. एकल फोटॉन डिटेक्टर, ध्रुवणाचे नियंत्रण, घड्याळांची जुळणी आणि वर्षभर अखंड चालणारी देखरेख यांची सवय आपल्या अभियंत्यांना येथेच लागेल. ती सवय नसताना थेट मेमरीवर उडी घेतली तर यंत्रे येतील आणि ती चालवणारे हात नसतील.

शिवाय या दोन वाटांच्या मध्ये आणखी एक पायरी आहे. २०१८ मध्ये मांडलेल्या ट्विन-फील्ड पद्धतीत दोन्ही टोकांकडून मंद प्रकाश मधल्या स्थानकाकडे पाठवतात, आणि त्या स्थानकावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही. या पद्धतीने २०२३ मध्ये प्रयोगशाळेतील अतिशय कमी ऱ्हासाच्या १,००२ किलोमीटर तंतूवर किल्ली निर्माण झाली. दर नगण्य होता, पण अंतर गाठले गेले. डेल्फ्टच्या मधल्या स्थानकात जे होते, म्हणजे दोन दूरच्या स्रोतांच्या प्रकाशाचे टप्पे जुळवून व्यतिकरण (लहरी एकमेकींत मिसळून वाढणे किंवा घटणे) घडवणे, तेच येथेही करावे लागते. त्यामुळे पुणे-मुंबई मार्गाच्या मध्यावर, समजा लोणावळ्याच्या परिसरात, एक चांगले स्थानक उभे राहिले, तर आज त्यावर ट्विन-फील्डचे प्रयोग आणि उद्या मेमरींचे एंटँगलमेंट अशी दोन्ही कामे होऊ शकतील.

उत्तर: समुद्रसपाटी

हा मुद्दा मला मान्य आहे, आणि मध्यस्थानकाची सूचना मला फार आवडली. माझा आक्षेप ट्रस्टेड नोडांच्या तंत्रावर नाही, त्यांच्या बंदिस्तपणावर आहे. किल्लीवाटपाची यंत्रे बहुधा सीलबंद येतात, आत काय चालते ते पाहता येत नाही आणि सुरक्षेच्या कारणाने पाहू देणेही योग्य नसते. शैक्षणिक जाळ्यात स्रोत बदलता आला पाहिजे, डिटेक्टरच्या कच्च्या नोंदी मिळाल्या पाहिजेत, आणि एखाद्या विद्यार्थ्याने मुद्दाम आवाज मिसळून प्रणाली कोठे कोलमडते ते पाहिले तर ते त्याचे काम मानले गेले पाहिजे. म्हणून एकाच खंदकातून जाणारे तंतू वापरले तरी सुरक्षित सेवेचे जाळे आणि प्रयोगाचे जाळे यांचे व्यवस्थापन पहिल्या दिवसापासून वेगळे असावे. शिकागोजवळील आरगॉन प्रयोगशाळा आणि शिकागो विद्यापीठ यांना जोडणारे जाळे २०२२ मध्ये १२४ मैलांपर्यंत वाढवले गेले, तेव्हा ते बाहेरच्या संशोधकांना आणि कंपन्यांना आपली उपकरणे तपासण्यासाठी खुले करण्यात आले. त्या जाळ्याचे खरे मोल मला त्या खुलेपणात दिसते.

प्रश्नकर्ता: अध्यापक_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. तंतूचा प्रश्न आता मला पुष्कळ स्पष्ट झाला. दोन गोष्टी अजून विचारतो. घड्याळांची जुळणी आणि टप्प्यांची स्थिरता यांचा उल्लेख काही उत्तरांत आला, तर त्यासाठी आपल्या भागात कोणाकडे अनुभव आहे? आणि 'खुले जाळे' म्हणजे नेमकी कोणती व्यवस्था? अनेक संस्थांचे सामायिक यंत्र कोणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न आपल्याकडे यंत्र येण्याआधीच उभा राहतो.

उत्तर: रेडिओदुर्बीण

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पुण्यापासून ८० किलोमीटरवर नारायणगावजवळ खोडद येथे आहे, असे मला मनापासून वाटते. मी रेडिओ खगोलशास्त्राच्या उपकरणांवर काम केले आहे, त्यामुळे या बाजूने लिहितो.

जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येक अँटेना मध्यवर्ती इमारतीशी प्रकाशतंतूने जोडलेली आहे. सर्व अँटेनांचे सिग्नल टप्प्यांसह जुळले तरच आकाशाची प्रतिमा मिळते, म्हणून तंतू तापला, निवला, हलला तर काय होते याचा अभ्यास येथे दशकानुदशके झालेला आहे. क्वांटम जाळ्याच्या गरजा याहून कडक आहेत, हे खरे. काचेच्या तंतूत प्रकाशाला लागणारा वेळ एका अंशाच्या तापमानफरकाने किलोमीटरमागे सुमारे ४० पिकोसेकंदांनी बदलतो. चाळीस किलोमीटरला तो दीड नॅनोसेकंदाच्या वर जातो. दोन फोटॉनांची लांबी शंभर पिकोसेकंद असेल तर ते मध्यस्थानकात वीस-तीस पिकोसेकंदांच्या आत एकत्र आले पाहिजेत, अन्यथा ते परस्परांहून वेगळे ओळखता येतात आणि व्यतिकरणच होत नाही. एकाच फोटॉनच्या व्यतिकरणावर आधारलेल्या पद्धतींत तर मार्गाची लांबी तरंगलांबीच्या लहानशा अंशाइतकी स्थिर धरावी लागते.

यासाठीची साधने जगात उपलब्ध आहेत. सर्न येथे सुरू झालेली व्हाइट रॅबिट ही प्रणाली साध्या इथरनेटवर नॅनोसेकंदाहून सूक्ष्म जुळणी देते आणि तिचे आराखडे खुले आहेत. तिच्यापुढची अचूकता स्थिरावलेल्या लेझरच्या तंतुदुव्यांनी मिळते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेमध्ये यटर्बियम आयनच्या प्रकाशीय घड्याळावर काम चालू आहे, आणि आयआयटी मुंबई हे तर मिशनचे संवेदन व मापनाचेच केंद्र आहे. म्हणून पुण्यातील पहिला दुवा फोटॉनचा नसून वेळेचा असावा, असे माझे ठाम मत आहे. आयसर पुणे आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाण भागात एकमेकींना लागून आहेत, तर आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात आहेत. ही सर्व ठिकाणे परस्परांपासून काही किलोमीटरवर आहेत. त्यांना दोन-दोन डार्क फायबरांनी जोडून त्यावर आधी घड्याळे जुळवावीत आणि एक संपूर्ण वर्ष, उन्हाळा आणि पावसाळा धरून, ध्रुवण व विलंब यांची अखंड नोंद ठेवावी. हे काम आजच्या उपकरणांनी होते, त्याला क्वांटम मेमरीची वाट पाहावी लागत नाही, आणि पुढचा प्रत्येक प्रयोग याच नोंदीवर उभा राहतो. या नोंदी प्रसिद्ध करण्याजोग्या असतील, हेही सांगून ठेवतो. आपल्या हवामानातील, आपल्या रस्त्यांखालील तंतू वर्षभर कसे वागतात याची तपशीलवार माहिती ज्याच्याकडे असेल त्याच्याशी बाहेरचे गट आपण होऊन सहकार्य करतील.

ताब्याविषयी. जीएमआरटी एक संस्था चालवते, परंतु तिच्यावर निरीक्षण करण्याचा वेळ जगातील कोणत्याही खगोलशास्त्रज्ञाला प्रस्तावाद्वारे मागता येतो. वर्षातून दोन वेळा प्रस्ताव मागवले जातात, समिती त्यांचा वैज्ञानिक कस पाहून वेळ वाटते, आणि यंत्र चालवणारे प्रशिक्षित कर्मचारी कायमचे तेथे असतात. मागणाऱ्याने यंत्र विकत घेतलेले नसते आणि त्याला प्रत्येक तारेची माहिती असणेही आवश्यक नसते. क्वांटम जाळ्याला हीच पद्धत लावावी. मालकी आणि देखभाल एका संस्थेकडे स्पष्टपणे असावी, जाळ्याचा वेळ मात्र सर्वांचा असावा आणि त्यातील ठरावीक हिस्सा महाविद्यालयांसाठी राखीव असावा. सामायिक मालकीपेक्षा सामायिक वेळ ही व्यवस्था अधिक टिकते, असे मला अनुभवाने वाटते, कारण रात्री दोन वाजता डिटेक्टरचे शीतक बंद पडले तर कोणी जायचे याचे उत्तर तिच्यात आधीच ठरलेले असते.

उत्तर: तंतुमार्ग

शीतकाचा उल्लेख आला म्हणून लोणावळ्याच्या स्थानकाबद्दल थोडे लिहितो. नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेचे अतिवाहक तारेचे डिटेक्टर दोन-तीन केल्विन तापमानाला चालतात, म्हणजे तेथे हेलियमचे शीतक अहोरात्र चालू ठेवावे लागेल. घाटमाथ्यावरचा पाऊस, विजा आणि वीजपुरवठ्यातील खंड पाहता जागा निवडताना टेकडीवरची मोकळी इमारत निवडू नये. आधीच अखंड वीज, वातानुकूलन आणि पहारा असलेल्या एखाद्या दूरसंचार केंद्रातील खोली मिळवावी. तंतूही बहुधा तेथूनच जात असतील, त्यामुळे वेगळे खोदकाम टळेल. खोदकामाची परवानगी टळणे म्हणजे किती काळ वाचतो, हे या क्षेत्रातल्या माणसांना ठाऊक आहे.

उत्तर: प्रयोगवही

मी पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेचे काम पाहते. नाशिकसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयाने काय करावे, या प्रश्नावर अजून कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून तेवढेच लिहिते.

पहिली पायरी सॉफ्टवेअरची आहे आणि ती आजच उचलता येते. आरगॉन आणि शिकागो विद्यापीठ येथे तयार झालेले सीक्वेन्स हे क्वांटम जाळ्याचे सिम्युलेटर खुले आहे, पायथॉन येणाऱ्या विद्यार्थ्याला ते साध्या संगणकावर चालवता येते. त्यात नोड, मेमरी, तंतूचा ऱ्हास आणि डिटेक्टरची कार्यक्षमता भरून पुणे-लोणावळा-मुंबई असाच मार्ग मांडायला सांगावे. मेमरी किती काळ टिकली तर मध्यस्थानकाची वर्दी परत येईपर्यंत एंटँगलमेंट शिल्लक राहते, हा प्रश्न विद्यार्थी स्वतः सोडवू शकतो, कारण तंतूत प्रकाशाला किलोमीटरमागे पाच मायक्रोसेकंद लागतात एवढे माहीत असले की बाकीचा हिशेब त्याच्या आवाक्यातला आहे. वर रेडिओदुर्बीण यांनी सुचवलेल्या वर्षभराच्या नोंदी खुल्या झाल्या, तर हेच सिम्युलेशन कल्पित आकड्यांऐवजी प्रत्यक्ष तंतूच्या आकड्यांवर चालेल, आणि नाशिक, कोल्हापूर किंवा नांदेड येथील प्रकल्पाचा निष्कर्ष पुण्यातील प्रयोग आखणाऱ्याला कामाचा ठरेल. हे स्थान खरोखरीचे आहे असे मला वाटते. यात कोणी कोणाला केवळ प्रात्यक्षिक दाखवत नाही.

दुसरी पायरी टेबलावरच्या प्रयोगाची. ४०५ नॅनोमीटरचा लेझर बीबीओ स्फटिकातून जाऊ दिला की ८१० नॅनोमीटरच्या एंटँगल्ड जोड्या मिळतात, आणि त्यांवर बेल असमानतेची चाचणी (जोडीतील फोटॉनांचा परस्परसंबंध अभिजात भौतिकीने समजावता येतो का हे तपासणारी) पदव्युत्तर विद्यार्थी करू शकतात. अभिजात मर्यादा २ आहे, क्वांटम सिद्धांत कमाल २.८३ पर्यंत जाऊ देतो. स्वतःच्या हाताने ध्रुवक फिरवून २ च्या वरचा आकडा मिळाला की या विषयातील बरीचशी धास्ती जाते. मात्र हे फोटॉन दूर पाठवण्यासाठी निवडू नयेत. ८१० नॅनोमीटरला तंतूतील ऱ्हास किलोमीटरमागे तीन डेसिबेलच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला निम्मे फोटॉन जातात. महाविद्यालयाला पुढेमागे जाळ्यावर वेळ मिळाला, तर दूरसंचार पट्ट्यातील स्रोत मुख्य नोडवर असेल आणि विद्यार्थी मापनाच्या दिशा एनकेएनवरून ठरवतील, मोजणीही त्याच मार्गाने परत येईल. त्यासाठी फोटॉन नाशिकला येण्याची आवश्यकता नाही. जीएमआरटीवर निरीक्षण करणारेही आज आपापल्या गावी बसून आपल्या नोंदींवर काम करतातच.

सर, आपल्या विभागात ओटीडीआर नसेल तर जवळच्या दूरसंचार केंद्रातील अभियंत्यांना विनंती करून विद्यार्थ्यांना एकदा ती चाचणी प्रत्यक्ष दाखवावी, असे सुचवते. मी आमच्या वर्गासाठी ते केले होते. पडद्यावरच्या आलेखात प्रत्येक स्प्लाइसची पायरी आणि टोकाची उसळी पाहिल्यावर पुढच्या तासाला विद्यार्थ्यांनी डेसिबेलचे गणित आपणहून मांडायला घेतले.

प्रश्नकर्ता: अध्यापक_नाशिक

ताई, आपल्या सूचनेप्रमाणे सीक्वेन्सवर पुणे-लोणावळा-मुंबई मार्गाचे सिम्युलेशन या सत्रातील दोन विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देत आहे. तंतुमार्ग, या मार्गासाठी दर किलोमीटरचा ऱ्हास, स्प्लाइसांची संख्या आणि कनेक्टर यांचे वास्तवाला धरून कोणते आकडे घ्यावेत, ते आपण सांगितल्यास आम्ही तेच वापरू.

उत्तर: तंतुमार्ग

अवश्य. सुरुवातीला किलोमीटरमागे ०.२२ डेसिबेल, दर तीन किलोमीटरला एक स्प्लाइस आणि त्याचा ०.०५ ते ०.१ डेसिबेल, कनेक्टरच्या प्रत्येक जोडीला ०.३ ते ०.५ डेसिबेल असे धरा. पुण्याकडचा टप्पा ७० आणि मुंबईकडचा ९० किलोमीटर घ्या. दोन्ही बाजू समान मानू नका, कारण कमी ऱ्हासाच्या बाजूचा प्रकाश मुद्दाम मंद करावा लागतो की नाही, हा प्रश्न मग आपोआप समोर येईल. नंतर प्रत्येक वर्षी चार ठिकाणी केबल तुटली असे समजून आठ स्प्लाइस वाढवत जा, आणि पाच वर्षांनी दर किती उरतो ते येथे जरूर कळवा.